दिवा उतरवतानाचा नारळ

बी.एस्सी. होऊन कळंबमध्ये काम शोधत मी मल्लिनाथअप्पांच्या दुकानासमोर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा ते एका ट्रॅक्टरपुढे नारळ फोडत होते. गाडीला नवा फोकस, म्हणजे मोठा दिवा, बसवला की पहिले बटण अप्पांनीच दाबायचे, ही ऊस वाहणाऱ्यांची रीत. माझ्या हातावर खोबरे ठेवून त्यांनी विचारले, "काम पाहिजे का नुसता प्रसाद?" मला दोन्ही मिळाले. आज माझे वेगळे दुकान आहे. पण गाड्यांच्या वायरिंगचे जे काही येते, ते त्यांच्याकडचे.

अप्पांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिताना एक भीती वाटते. गौरवाच्या भरात माणूस जास्तीचे बोलून जातो. म्हणून डोळ्यांनी पाहिलेलेच लिहितो.

माझ्या आईचे माहेर सीमेपलीकडचे. तिच्या शेवटच्या आजारात तिच्याशी कानडीत बोलणारे घरात कुणी नव्हते. अप्पा दुकान बंद करून येत आणि तिच्या उशाशी बसून कानडीत तिच्या गावच्या गोष्टी काढत. त्यांनी याचा कधी उल्लेखही केला नाही.

मी त्यांच्याकडे असतानाच, उसाच्या ऐन हंगामात फोकस बनवणाऱ्या कंपनीचा निरोप आला. ट्रॉलीच्या मागच्या फोकसची वायर जोडापाशी तापते, आग लागू शकते. विक्री थांबवा, गिऱ्हाइकांनी माल परत आणावा. आम्ही दुकानाबाहेर पाटी लावली. पाटी लावून आपले काम संपते का, हा प्रश्न मला अजून पडतो. अप्पांना तो पडला नाही. "हंगामात पाटी कोण वाचतंय? चल," म्हणाले.

ढोकीला साखर कारखान्याच्या आवारात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. फोकसवर उसाचे वाळलेले पाचट लोंबत होते. तोडणीवाल्यांची कुटुंबे याच ट्रॉल्यांवर बसून फडावर जात. पण पूजा केलेला दिवा चालू हंगामात उतरवणे म्हणजे अपशकुन, म्हणून कुणी तो उतरवू देईना. दत्तू नावाचा चालक हसून म्हणाला, "तुमीच बसवला, तुमीच नारळ फोडला. आता माझा हंगाम मोडता व्हय? का नवा माल खपवायचाय, अप्पा?"

सगळे हसले. ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून माल घेत, त्यांना हे ऐकावे लागले.

"माल खपवायला न्हाय आलो, दत्तू. माझ्या हातानं तुझ्या ट्रॉलीला आगीचा इस्तू बांधलाय. त्यो सोडायला आलोय. मोडता नको ना? मग उतरवायलाबी नारळ फोडू."

त्यांनी मला फाटकाजवळच्या टपरीवर नारळ आणायला पाठवले. एकेका ट्रॉलीमागे वाकून अप्पा दिवे उतरवू लागले, प्रत्येकापुढे नारळ फोडू लागले. दत्तू हाताची घडी घालून उभाच. शेवटी ट्रॉलीजवळ उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "काढू द्या की! म्हाताऱ्या माणसाला हौस हाय व्हय उन्हात वाकायची?"

दत्तूचा फोकस निघाला. मागची वायर वितळली होती आणि तिथे अडकलेले पाचट करपून काळे पडले होते. दत्तूने ते चिमटीत धरून पाहिले, मग बायकोकडे पाहिले. अप्पांनी नारळ उचलला, तेव्हा तो पुढे झाला.

"द्या, अप्पा. ह्यो मी फोडतो."

अप्पा, तुमचे हात असेच धडधाकट राहोत. येणाऱ्या कितीतरी हंगामांचे पहिले बटण तुम्हीच दाबावे. आणि पुन्हा कधी दिवा उतरवायची वेळ आलीच, तर नारळ आणायला मी आहे.