दूध आटवायच्या गोळ्या

जासईच्या प्रेमलाला तोंडावर वांझ कुणी म्हणत नसे. फक्त बारशाची बोलावणी तिच्या दाराशी येताना वाट चुकत. म्हणून चौऱ्याण्णव साली पाळी थांबून तिच्या छातीला दूध आलं, तेव्हा सासू सखूबाईने अख्ख्या आळीला पेढे वाटले. प्रेमलाचं डोकं ठणकायचं, येता-जाता खांदे दाराच्या चौकटीला आपटायचे. "पोटुशीला व्हतंच आसं," सासू म्हणाली.

पोट मात्र वाढेना. नवरा कुंदन कंटेनर यार्डात कामाला होता. रजा टाकून त्याने तिला वाशीला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं निघालं. मग डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून समजावलं. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी, पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक हाड असतं. त्याच्या मधोमध खोगिरासारखा खळगा, त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी. प्रेमलाच्या ग्रंथीत गाठ वाढून तो खळगाच फुगला होता. दूध गाठीमुळे येत होतं, आणि वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा ती गाठ दाबत होती, म्हणून तिला कडेचं दिसत नव्हतं.

"गोळ्या चुकवू नका, नजर जाईल," डॉक्टर म्हणाले.

कुंदन रिक्षा बघायला गेला आणि प्रेमला एकटीच औषधाच्या दुकानात शिरली. चिठ्ठी वाचून दुकानदार हळहळला, "मूल गेलं काय, ताई? ह्या दूध आटवायच्या गोळ्या, म्हनून विचारलं."

प्रेमलाने गोळ्या पदरात बांधल्या. पोट रिकामं आहे हे तिला कळलं होतं, पण आस वेडी असते. देवाने दिलेलं आपल्याच हाताने आटवायचं? ती रोज एक गोळी मोरीत टाकायची आणि कुंदनला "घेतली" म्हणून सांगायची. पुन्हा वाशीला जायचं तिने काही ना काही सबब सांगून टाळलं. सासूने फेकल्या असत्या, तर प्रेमलाला निदान सासूला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

वर्षभरात तिच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. डॉक्टरांनी नाकातून शिरून, तेच हाड फोडून गाठ काढली. दूध आटलं. नजर काही आली नाही.

घरी सोडताना तिने सगळं कबूल केलं, तेव्हा डॉक्टर चिडले. "अहो, त्या गोळ्यांनी गाठ आकसते, पाळी परत येते! कितीतरी बायकांना पुढे मुलं झाली आहेत."

 प्रेमलाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मंग ह्ये तवाच का नाय सांगलं, डाक्टर?"