चित्राखालचं नाव

वामनकाकांच्या मुलीचा, मीराचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. "मावशी, बाबा गेले. कम सून," एवढंच म्हणाली. त्याला पाच आठवडे झाले...

वामनकाका डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी शरीराची चित्रं काढायचे. इथं अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या त्यांच्या घरी मी दर बुधवारी पोळ्या करायला जायची. एकदा माझी बोटं संधिवातानं सुजली होती. "इंदूबाई, हात असाच राहू द्या," म्हणाले आणि कागद घेऊन बसले. "अहो काका, पोळी करपतेय!" "करपू दे, ती मी खाईन."

मग त्यांनी जुनी छापील पुस्तकं दाखवली. एका पानावर कातडी सोललेला माणूस माळावर उभा होता, कुणाची वाट बघत असल्यासारखा. मी विचारलं, "ह्याचं नाव काय?" काकांनी चित्राखालून बोट फिरवलं. "चित्रकाराचं नाव आहे, छापणाऱ्याचं आहे. ह्याचं नाही. फाशी दिलेले, बेवारशी, गरीब, अशांचीच शरीरं घ्यायचे. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं."

पुढच्या बुधवारी माझ्या हाताच्या चित्राखाली त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं.

गेल्या वर्षी त्यांनी देहदानाचा कागद पुढे केला. "दुसऱ्यांची शरीरं बघून जन्मभर पोट भरलं. आता माझं बघू दे डॉक्टरकीच्या पोरांना. मला तर विचारून नेणार आहेत!" साक्षीदाराची एक सही शेजाऱ्यानं केली होती, दुसरी त्यांना माझी हवी होती. मी चौथी शिकलेली, माझी सही वेडीवाकडी. आणि माणसाला अग्नी मिळू नये म्हणून मी सही करायची? "पुढच्या बुधवारी करते," म्हटलं. असे किती बुधवार गेले. ते रागावले नाहीत. "पेन इथंच आहे हो," म्हणायचे.

ते गेल्यावर मीरानं तो कागद उलटसुलट पाहिला. "एकच सही आहे. मेबी बाबांचं नक्की नव्हतं. तुम्हाला काही बोलले होते का, मावशी?" खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. मला सगळं माहीत होतं. पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तसा तेव्हाही फुटला नाही. मी मान हलवली... नाही म्हणून. काकांना अग्नी दिला.

हाताचं चित्र मीरानं मला दिलं. ते ओट्याच्या वर लावलंय. खाली त्यांच्या सुबक अक्षरात माझं नाव. काल एका कोऱ्या कागदावर मी सही करून पाहिली. वेडीवाकडीच आली, पण वाचता येते.