गोधडीतल्या यंत्राची पूजा

माझ्या साडूंसारखा तोंड बंद ठेवणारा माणूस सातपुड्याच्या आपल्या बाजूला झाला नाही, आणि पलीकडे कोणी असलाच तर तो साडूंकडूनच शिकून गेला असणार. ते वकील आहेत, पण सौसरच्या कोर्टात त्यांना कोणी पाहिलेलं नाही. बांधाची भांडणं, वाटण्या, फारकती यांतलं ते काही घेत नाहीत. कोणी नवीन काही शोधून काढलं की त्याचं पेटंट करायचं आणि कारखान्यांनी ते कोणत्या अटींवर वापरायचं याचे करार लिहायचे, हे त्यांचं काम. पुण्या-बंगलोरला हेच करून केस पिकवले, मग घरी परतले आणि माडीवर संगणक मांडून तेच पुढे चालू ठेवलं. दाराशी पक्षकारांची रांग दिसत नाही म्हणून गल्लीला अजून वाटतं की बिचाऱ्यांची वकिली चालत नाही. साडू हा गैरसमज मोठ्या समाधानानं जपतात.

देणं आणि वापरायला देणं यांत त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकदा शेजारी शिडी मागायला आला. साडूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कोणत्या कामासाठी? किती दिवस? अन् तुमच्याकडं आणखी कोणी मागितली, तर तुम्ही देणार का?" शेजारी हात जोडून म्हणाला, "भाऊ, पंखा पुसाचा होता. राहू द्या, आमी स्टुलावर चढतो." माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, संत्र्याच्या सालीचं लोणचं असं काही करते की खाणारा बोलायचं विसरतो. एका लग्नात बायकांनी तिला त्याची रीत विचारली, तेव्हा पुरुषांच्या पंगतीतून साडू ओरडले, "सांगू नको!" वाढणाऱ्याचा हात वरच थांबला. मग त्यांनीच सगळ्यांना समजावलं, "मी काय सांगून राहिलो, एकदा चारचौघायले सांगितलं का ते आपलं राहत नाही." मेहुणीनं मान डोलावली आणि सगळ्याजणींना रीत सांगून टाकली.

मोहगावच्या वामनचं मात्र असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वामन वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्यानं संत्री तोडायचा एक दांडा बनवला होता. खाली उभं राहून देठ बुडाशी कापायचा आणि फळ कापडी नळीतून अलगद टोपलीत उतरायचं. साल फाटायची नाही की मार लागायचा नाही. एका मोठ्या कंपनीला तो हवा होता. साडूंनी वामनला बजावलं, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत दांडा कोणाला दाखवायचा नाही. आधी जगानं पाहिला तर तो नवीन राहत नाही, पेटंट मिळत नाही, आणि मग कंपनी तुला न विचारता बनवायला मोकळी. पण अर्ज काही जाईना. साडू वर्णन लिहून पुरं करत आणि वामन पात्याचा बाक बदलून हजर होई. मी असतो तर तोच दांडा त्याच्या पाठीत घातला असता. साडू म्हणत, "सुधारून राहिला, सुधारू द्या," आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसत. त्यांच्या त्या धीरापुढं मी हात टेकले.

अशात दसरा आला. आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा असते, आणि सोनं द्यायला येणारा प्रत्येकजण पूजेला हात जोडूनच बसतो. साडू आणि मी दुपारी वामनकडं पोचलो, तर हातोडे, पक्कडी मांडलेल्या आणि मधोमध धुऊनपुसून, झेंडूचा हार घालून तोच दांडा! वामनच्या मनात पूजा म्हणजे दाखवणं नव्हतंच. साडू चपलांसकट आत धावले, खाटेवरची गोधडी ओढली आणि दांडा टोकापासून टोकापर्यंत गुंडाळला. "पूजा करा, पण झाकून!" मग गोधडीलाच हळदकुंकू लागलं आणि तिच्यापुढं नारळ फुटला. दिवे लागेपर्यंत अर्धं मोहगाव त्या गोधडीच्या पाया पडून गेलं. एका म्हातारीनं विचारलं, "यात कोण हाय बापा?" साडू खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "अजून सांगता येत नाही, काकू." तिनं पुन्हा एकदा डोकं टेकवलं. "मंग मोठाच देव असन."

गोधडी वामनच्या म्हाताऱ्या वडिलांच्या अंगावरची होती. ते खाटेवर उघडेच बसून राहिले होते. शेवटी म्हणाले, "वकीलसाहेब, गावानं पाहिलंच नाही, तर माया पोरानं केलं हे कोणाले समजन? मले आता कमी दिसून राहिलं. पुढच्या दसऱ्याले काही दिसन का नाही, काय सांगू?" "आधी अर्ज जाऊ द्या, बाबा," साडू म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वामनला माडीवर बसवून घेतलं आणि पात्याला हात लावायची बंदी केली.

दिवाळीच्या आत अर्ज गेला. त्याच दुपारी हा मुखस्तंभ मोहगावच्या चौकात उभा राहिला आणि भाजीवाल्यासारखा ओरडू लागला, "या हो, पाहाले या! वामननं काय केलं, पाहाले या!" मी थक्क होऊन पाहत राहिलो. माणसं जमली, सगळे मिळून जवळच्या बागेत गेलो. वामनच्या वडिलांना झाडाखाली खुर्ची दिली. त्यांना दांडा नीट दिसत नव्हता, पण येईल त्याला ते सांगत होते, "माया पोरानं केलं." पुढं कंपनीशी करार झाला, वामनचा हक्क वामनकडंच राहिला, पण साडूंचा चेहरा खुललेला मी पाहिला तो त्या बागेतल्या दिवशी. गर्दीच्या मागं उभे राहून ते मला म्हणाले, "इतके करार लिहिले, पण यंत्रं सगळी कागदावरच पाहिली. त्यातल्या एकालाही पाहायला गाव आलं नसेल."

मग पुढं होऊन त्यांनी वामनला विचारलं, "मी चालवून पाहू का?" दांडा हातात घेऊन त्यांनी तो एका फळाशी नेला. एक संत्रं टोपलीत उतरलं. ते त्यांनी उचललं आणि वडिलांच्या ओंजळीत ठेवलं. वडिलांनी देठाच्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि म्हणाले, "बराबर बुडापासून कापलं."