रोसाच्या उशीवरचा किडा

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या स्टेशनवर मृण्मयी मला घ्यायला आली, ती हातात किडे पकडायची डबी घेऊनच. "आधी एका घरी जायचंय. चालेल ना?"

नागपूरला आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो. इथल्या संशोधनाच्या जागेसाठी दोघींनी अर्ज केला होता. जागा तिला मिळाली.

ट्राममध्ये ती बोलिव्हियातल्या कामाबद्दल सांगत होती. मातीच्या घरांतल्या भेगा, खाटा, कोंबड्यांची खुराडी तपासून तिथे विंचुका (शागास रोग पसरवणारा, रक्त पिणारा किडा) शोधायचा. मी बाहेर नेकार नदी बघत "हो का" म्हणत राहिले. माझा जळफळाट होत होता.

ते घर रोसाचं होतं. ती मूळची बोलिव्हियाची. तिची आई शागासमुळेच हृदय निकामी होऊन गेली होती. त्या सकाळी रोसाला उशीवर किडा दिसला, आणि तो विंचुकाच असेल या भीतीने तिने मृण्मयीला बोलावलं होतं. किडा तिने ग्लासाखाली झाकून ठेवला होता आणि लहान मुलीला शेजारणीकडे पाठवलं होतं. आमच्यापुढे तिने एम्पानादा (चीज भरलेल्या करंज्या) ठेवल्या.

मृण्मयी गुडघ्यांवर बसून ग्लासात बघू लागली. एक क्षण मला वाटलं, हिचं चुकावं.

"आल्झो (तर मग)," ती मला म्हणाली, "मागचे पाय बघ."

पायांवर पानासारखा चपटा भाग होता. विंचुका नव्हे, पाइनच्या बिया खाणारा निरुपद्रवी किडा. थंडीत उबेला घरात शिरतो. तिने स्पॅनिशमध्ये सांगितल्यावर रोसा रडत रडत हसली.

मला वाटलं, झालं काम. पण मृण्मयी उठेना. तिने हळूच विचारलं, "तुमची स्वतःची रक्ततपासणी झाली आहे?"

रोसाही तशाच मातीच्या घरात वाढली होती. मृण्मयी मला तिचं बोलणं मराठीत सांगत होती. "म्हणते, कळून काय करू? आईला कुठे वाचवता आलं?"

"आता औषध आहे," मृण्मयी तिला म्हणाली. "आईकडून बाळाला लागण होऊ शकते, म्हणून मुलीचंही रक्त तपासू. मी बरोबर येते."

मी नागपूरला परतल्यावर काही आठवड्यांनी मृण्मयीचा फोन आला. रोसाला लागण निघाली होती, पण हृदय अजून ठीक होतं. गोळ्या सुरू झाल्या होत्या. मुलीला काही नव्हतं.

"छान केलंस गं," मी मनापासून म्हणाले.

हेवा मात्र गेलेला नाही. तिकडे जाईपर्यंत मला जर्मनी हवं होतं. आता वाटतं, घाबरलेल्या माणसाला "मी बरोबर येते" असं म्हणायचं काम माझ्या वाट्याला यायला हवं होतं.