अक्रोडाचं झाड रिकामं झालं ती सकाळ

मागच्या शनिवारी सकाळी एक अख्खं झाड माझ्या डोळ्यांदेखत रिकामं झालं. वारा नव्हता, कुणी हलवलंही नव्हतं. अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून लिहून काढतेय...

सध्या साताऱ्याहून बाबा आलेत आमच्याकडे, हॉलंडमधल्या उइटहॉर्नला. रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारा माणूस, आणि इथे चढ म्हणून काय, तर नदीवरचा पूल! पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "अगं, या देशाला कुणी इस्त्री केलीय का?"

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं... कारण बाबा हल्ली फारसं बोलतच नाहीत. मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि आई गेली. अचानक. मी विमानात होते, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

आई गेली त्या सकाळबद्दल बाबा कधी बोलले नाहीत आणि विचारायचा मला धीर झाला नाही. कॉलिंग कार्डवरून मी रोज फोन करायचे, पण जेवलात का, गोळी घेतलीत का, याच्यापुढे गाडी जायचीच नाही.

तर माझ्या नवऱ्याने, निखिलने, शोधून काढलं की हॉलंडलाही डोंगर आहेत. पार दक्षिणेला, लिम्बुर्गमध्ये. डोंगर म्हणजे आपल्या टेकड्याच हो... पण खाली दरी, दरीत ओढा, उतारावर सफरचंदाच्या बागा. तिथल्या एका शेतघरात वीकएंडसाठी दोन खोल्या मिळाल्या.

मालकीणबाई त्रूस, सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी निरभ्र आभाळाकडे बघितलं आणि माझ्या तोडक्यामोडक्या डचला झेपेल इतकं सावकाश सांगितलं... यंदा आज रात्री पहिल्यांदा पाणी गोठणार. सकाळी मी हाक मारेन, तिघंही बाहेर या. कशासाठी, ते काही सांगितलं नाही.

सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर पाऊल टाकलं...

सगळी दरी पांढरी झाली होती. बर्फ पडलेला नव्हता, दवच जागच्या जागी गोठलं होतं. गवताच्या पात्याला, कुंपणाच्या तारेला, कोळ्याच्या जाळ्याला, सगळ्याला पांढरी किनार. ओढ्यावर धुकं आडवं पसरलेलं आणि त्यातून गाईंच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. श्वास घेतला की नाकात टोचत होतं.

बाबा निखिलचं जॅकेट आणि स्वतःची माकडटोपी घालून पुढे गेले. कोंबड्यांच्या बादलीत पाण्यावर बर्फाची पातळ चकती धरली होती. ती त्यांनी अलगद उचलली आणि उगवतीकडे धरून तिच्यातून बघत राहिले.

"वेण्णा लेकला एकदा गवतावर पाहिलंय असं," म्हणाले, "पण हे... हे भलतंच आहे गं."

तेवढ्यात त्रूसबाईंनी हाताने बोलावलं. अंगणाच्या कडेला अक्रोडाचं मोठं झाड होतं, पिवळ्या पानांनी गच्च. आम्हाला त्याच्याखाली उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही आपले उभे. काहीच होईना. निखिल माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे...

मग समोरच्या टेकडीवरून ऊन आलं आणि झाडाच्या शेंड्याला लागलं. टक्. एक पान पडलं. टक्, टक्. आणि मग थांबेचना...

फांदीसुद्धा हलत नव्हती आणि पानं सरळ खाली येत होती. गोठलेली, जड, फांद्यांवर आपटत. ऊन जसजसं खाली सरकत होतं तसतशी एकेक फांदी मोकळी होत होती. आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर पानं. कॅमेरा खोलीत राहिला होता, पण तो आणायला जावं असं कुणालाच वाटलं नाही. त्यामुळे फोटो मागू नका.

"एल्क यार," त्रूसबाई हळूच म्हणाल्या. दरवर्षी. पहिल्या कडक थंडीनंतरची एकच सकाळ. त्यांचा नवरा त्यांना यासाठी उठवायचा, आता त्या एकट्याच उठतात. मी हे बाबांना मराठीत सांगितलं.

 बाबा झाडाकडे बघतच बोलायला लागले.

"तुझ्या आईने त्या दिवशी चहा घेतला. टीव्हीवर जगभरातल्या शहरांचं तापमान दाखवतात ना, ते ती रोज बघायची. तुझ्यासाठी. मला म्हणाली, अहो, पोरीकडे शून्यावर आलंय, फोन आला की विचारा नीट गरम कपडे घालते का. मग म्हणाली, जरा पडते. मी शेजारीच पेपर वाचत होतो... मला वाटलं, डोळा लागला."

"त्रास झाला का हो तिला?" वर्षभर विचारायचा राहिलेला प्रश्न होता तो.

"नाही गं. काही म्हणजे काही नाही. शेजारी बसून मला कळलं नाही, हे तुला कसं सांगू, एवढंच..."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. निखिल हळूच बाजूला झाला. पानं पडतच होती...

चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा झाडावर मोजकीच पानं उरली होती आणि फांद्यांमधून लख्ख निळं आभाळ दिसत होतं. त्रूसबाई पानं गोळा करत होत्या. बाबांनी कोपऱ्यातला दुसरं दाताळं उचललं आणि त्यांच्या शेजारी कामाला लागले.

आणि दोघं चक्क बोलत होते! बाबा मराठीत, त्या त्यांच्या लिम्बुर्गी बोलीत. "आमची ही ना..." एवढं कानावर आलं. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर बाबांनी हातानेच मला थांबवलं.

परतताना घर येईपर्यंत बाबा आईबद्दलच सांगत होते. कितीतरी गोष्टी मला माहीतच नव्हत्या... या देशात आल्यापासून थंडीला मी फक्त नावं ठेवत आलेय. या वर्षी मात्र तिचे मनापासून आभार.