ताईची ढाल

"हे भाषण हिचं नाहीच! भावानं लिहून देलं हे!" अमरावतीच्या कॉलेजात परीक्षक असे गरजले, की छपरावरच्या चिमण्या थेट बडनेऱ्याला जाऊन बसल्या.

चिंचेनं पितळ घासल्याचा वास आला, की साठ वर्षांनंतरही ती गर्जना ऐकू येते. वादविवादाचा विषय होता, 'स्त्रिया पुरुषांइतक्याच कर्तबगार.' ताई बाजूनं बोलली होती. पितळी ढाल तिच्या हातात पडायची तेवढी राहिली होती, आणि अख्खं सभागृह माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहत होतं. मला तर धड रजेचा अर्ज लिहिता येत नव्हता!

"असं? मंग आता विरुद्ध बोलून दाखव," परीक्षक म्हणाले.

ताई तिथल्या तिथे, हातात कागद न घेता, विरुद्ध बोलली. टाळ्यांच्या वाऱ्यानं बंद पंखे फिरले. ढाल द्यावीच लागली, पण देतानाही परीक्षकांनी डोळे बारीक करून विचारलं, "यातलं तुझं खरं मत कोणतं?"

"पयलं माहं," ताई म्हणाली. "दुसरं तुमचं."