मातीबाई

माझ्या आत्याला अख्खी गल्ली मातीबाई म्हणायची आणि तिला ते आवडायचं. मी मनातल्या मनात तिला काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ती पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायची. तरुणपणी तिच्या हातांना इसब झाला होता. मलमं लावून लावून वैतागली आणि कोणी सांगितलं म्हणून मातीचा लेप लावला. हात बरे झाले. तिथून तिच्या डोक्यात मातीने घर केलं. कुठे पाया खणलेला दिसला की पोतं घेऊन हजर. माती उन्हात वाळवायची, फडक्यातून चाळायची, मडक्यात भिजत घालायची. डोकं दुखलं तर कपाळावर, पोट दुखलं तर बेंबीवर. घामोळ्यांवर तिने मलाही लावली होती. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

माझी आई दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांच्या जखमा धुऊन ती घरी यायची आणि दारातच तिचं डोकं फिरायचं.

"वन्सं, या मातीवर मांजरं काय काय करून जातात, ठाऊक आहे का?"

"वाळवते मी. तुझ्या बाटल्यांसारखा वास तरी मारत नाही."

हे रोजचंच होतं. पण मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना आई बारा दिवस प्रशिक्षणासाठी परगावी गेली आणि त्याच आठवड्यात बाबांना नवे बूट चावले. बाबा पोस्टमन. दिवसभर पायपीट, त्यात मधुमेह. अंगठ्याला फोड आला, फुटला. आत्याने लगेच मडकं उघडलं. रोज संध्याकाळी ती बाबांचा पाय मांडीवर घ्यायची, जाड लेप थापायची आणि वरून जुन्या अभ्र्याची पट्टी बांधायची.

"ताई, अजिबात दुखत नाही बघ," बाबा कौतुकाने म्हणायचे.

दुखणार कसं? मधुमेहाने त्या पायाची जाणीवच गेली होती. हे आम्हाला नंतर कळलं. पण अंगठा काळा पडलेला मला सहाव्या दिवशी दिसला होता. आईचा फोन आला तेव्हा आत्या शेजारीच उभी होती. डोळे वटारून हळूच म्हणाली, "तिला कशाला घोर लावतेस? उतरतंय ते." बाबांनीही मानेनेच नको म्हटलं. मी फोनवर म्हणाले, "सगळं ठीक आहे गं."

आई परत आली आणि उंबऱ्यातच थबकली. सडलेल्या जखमेचा तो वास ती रोज दवाखान्यात घेत होती. हातातली पिशवी खाली टाकून तिने पट्टी सोडली. लगेच रिक्षा बोलावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांचं अर्धं पाऊल कापलं.

दवाखान्याच्या जिन्यावर आई आत्याला म्हणाली, "वन्सं, तुमचं-माझं संपलं."

"माझ्या हाताखाली तो हसत होता," आत्या म्हणाली. "तुमच्या लोकांनी एका दिवसात पांगळा केला."

हेच तिने गल्लीभर सांगितलं आणि गल्लीला ते पटलं. आईने मधल्या दाराला कुलूप लावलं आणि दारासमोर लोखंडी कपाट सरकवलं. आत्याकडे मातीसाठी येणाऱ्यांची गर्दी मात्र वाढत गेली.

वर्षभराने एका दुपारी मी कॉलेजातून येत होते. इस्त्रीवाल्याची सून आत्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर नऊ दिवसांचं बाळ, त्याची बेंबी चिघळलेली. आत्याने बोटांवर माती घेतली होती. मी वाडगा हिसकावला आणि गटारात भिरकावला.

"बाळाला हात लावशील तर पोलीस आणीन!"

आत्या उठलीसुद्धा नाही. "बापाचा अंगठा काळा पडताना बघत होतीस, तेव्हा कुठे होता गं हा आवाज?"

पायरीवर दोन-चार बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्या पोरीचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच आईच्या दवाखान्यात नेलं. बाळ वाचलं. इस्त्रीवाल्याने त्यानंतर कधी आमचे कपडे घेतले नाहीत. त्याच्या सुनेला भर रस्त्यात ओढत नेलं म्हणे.

पुढे आत्याने मशीन उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. बाबा दर रविवारी काठी टेकत तिच्याकडे जेवायला जातात. एकदा मी न राहवून विचारलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो ना," बाबा बूट घालता घालता म्हणाले. त्या बुटात पुढे कापूस भरावा लागतो. "पण नको म्हणून मान मीच हलवली होती. आणि तिच्याकडे जायला माझ्याशिवाय आहे कोण?"

गेल्या आठवड्यात आत्या बाजारात दिसली. वाकली आहे. मला बघून थांबली, काहीतरी बोलणार होती. मी रस्ता ओलांडला.